बाकं हलवा, डोकी हलू देऊ नका

यंदापासून सगळं शिकवणं 'कृतियुक्त' हवं, असा आदेश तुमच्याही टेबलावर येऊन पडला असेल. घाबरू नका. असे आदेश मी बरेच पचवले आहेत, आणि तेही वर्गातल्या एकाही मुलाला विचार करायला न लावता. ती विद्या आज तुमच्या हवाली करतो.

सुरुवात बाकांपासून करा. रांगा मोडा, चौघाचौघांचे गट पाडा. बाकं सरकताना जो खरखराट होतो, त्यालाच पाहणारे चैतन्य म्हणतात. मग प्रत्येक गटाला एक मोठा कागद आणि स्केचपेनं द्या. प्रश्न मात्र असा निवडा, की त्याचं उत्तर पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेलं असेल. 'बाष्पीभवन म्हणजे काय, गटात चर्चा करा.' पाचव्या मिनिटाला प्रत्येक गटात एकच देखावा दिसेल. जिचं अक्षर सुवाच्य ती पुस्तकातून उतरवून घेतेय, दुसरा सूर्याला किरणं काढतोय, तिसरा स्केचपेनांच्या टोपणांचा मनोरा रचतोय, आणि चौथा याच गटात आहे की शेजारच्या, हे त्याचं त्यालाही ठाऊक नाही. फोटो याच वेळी काढून घ्या.

मी एकदा घोडचूक केली. 'ओला कपडा सावलीतही वाळतो. तिथे पाणी काही उकळत नाही, मग ते जातं कुठे?' असं विचारून बसलो. एक म्हणाला, कपडाच पितो. दुसरी म्हणाली, मग वाळल्यावर तो जड का लागत नाही? तिसऱ्याला पंख्याखाली लवकर का वाळतो ते हवं होतं. टोपणांचा मनोरासुद्धा अर्धवट राहिला. तास संपला तरी फळा कोरा, आणि शेजारच्या वर्गातल्या बाईंनी मोठ्याने दार लावून घेतलं. तो धडा पुरा करायला मला पुढे दोन जादा तास घ्यावे लागले.

गटकार्याची एक जिगसॉ नावाची पद्धत आहे, तिच्यापासून जपून राहा. मानसशास्त्रज्ञ इलियट अॅरनसन यांनी 1971 मध्ये अमेरिकेत, ऑस्टिनच्या शाळांमध्ये ती आणली. वेगवेगळ्या वंशांची मुलं नुकतीच एकत्र बसू लागली होती आणि एकमेकांशी नीट बोलतही नव्हती. या पद्धतीत धड्याचे तुकडे करून गटातल्या प्रत्येकाला एकेक देतात. एकाकडचा तुकडा दुसऱ्याकडे नसतो, त्यामुळे गप्प बसणाऱ्यालाही बोलावं लागतं आणि बाकीच्यांना त्याचं ऐकावं लागतं. उपाय साधा आहे. सगळ्यांना सगळा धडा देऊन टाका आणि नाव तेवढं जिगसॉ ठेवा.

आधी एकट्याने विचार, मग जोडीदाराशी बोलणं, मग वर्गाला सांगणं, ही फ्रँक लायमन यांनी 1981 मध्ये मांडलेली पद्धत तर फारच सोयीची. 'दोन मिनिटं शांतपणे विचार करा' असं सांगा आणि ती दोन मिनिटं स्वतः बोलत राहा. 'विचार करताना हेही ध्यानात घ्या, की...' एवढं पुरतं. तोवर घंटा होतेच. जोडीचं काम गृहपाठाला.

आता खरं संकट, शांतता. मेरी बड रो या संशोधिकेने विज्ञानाच्या वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजमाप केलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असं निघालं. तेच तीन सेकंद किंवा जास्त थांबले, तर उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलू लागतात आणि मुलंच प्रश्न विचारायला लागतात. तीन सेकंद ऐकायला किरकोळ वाटतात. भरल्या वर्गापुढे तोंड मिटून उभे राहून बघा. पहिल्या सेकंदाला घसा खाकरावासा वाटतो, दुसऱ्याला खडू हातातून निसटतो, आणि तिसऱ्याला आपल्यालाच उत्तर येत नसल्याची शंका सगळ्या वर्गाला आलीय असं वाटू लागतं. या छळापेक्षा उत्तर स्वतःच द्या. किंवा शेपूट तेवढं मुलांना सोडा. 'म्हणून याला म्हणतात बाष्पी...?' 'भवऽऽन!' सगळा वर्ग एका सुरात. असा सहभाग दुसऱ्या कशाने मिळणार?

तासाच्या शेवटी 'समजलं का?' विचारायला विसरू नका. 'होऽऽ' आला की पुढचं पान. न समजलेलं चिठ्ठीवर लिहून घ्या, असा सल्ला कुणी देईल. मी एकदा घेतल्या चिठ्ठ्या. अर्ध्याअधिक चिठ्ठ्यांवर एकच शब्द होता, आणि तो मी तासभर सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला होता. आता चिठ्ठ्या घेतो, पण वाचत नाही.

वाचणाऱ्याचं काय होतं, ते हार्वर्डच्या एरिक माझूर यांना विचारा. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, मुलं खूश, गणितं पटापट सोडवणारी. 1990 च्या सुमाराला त्यांनी साधे संकल्पनेचे प्रश्न घातले. जड ट्रक आणि हलकी मोटार एकमेकांवर आदळली तर कोण कोणावर जास्त बल लावतं, अशा धर्तीचे. एका विद्यार्थ्याने विचारलं, उत्तर तुम्ही शिकवलंत तसं लिहू, की मला वाटतं तसं? झालं. चांगली चाललेली व्याख्यानं सोडून या भल्या माणसाने मुलांना आधी मत द्यायला, मग शेजाऱ्याशी वाद घालायला आणि पुन्हा मत द्यायला लावलं. असा प्रश्न विचारणारा आपल्या वर्गात निघू नये, म्हणून 'मला वाटतं' हे शब्द उच्चारताच 'पुस्तकात काय आहे?' असं ताबडतोब विचारावं.

प्रशिक्षणाला गेलात तर पिरॅमिडचं चित्र दिसेल. वाचलेलं दहा टक्के लक्षात राहतं, दुसऱ्याला शिकवलेलं नव्वद टक्के. याचं मूळ म्हणून अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांचं नाव घेतात. त्यांनी 1946 मध्ये अनुभवांचा शंकू काढला खरा, पण त्यात एकही टक्का नव्हता. आकडे पुढे कुणीतरी चिकटवले. आमच्या प्रशिक्षणात सगळ्यांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतले. आकडे सगळे शून्यावर कसे संपतात, हे कुणीही विचारलं नाही. प्रशिक्षण यशस्वी झालं म्हणतात ते यालाच.

खरे आकडे काढून कुणी वाद घातलाच, तर तयारी ठेवा. 2014 मध्ये 225 अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुसत्या व्याख्यानांच्या वर्गांत सुमारे 34 टक्के नापास, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे 22 टक्के. 'ते कॉलेजच्या विज्ञान-गणिताचं आहे, आपली मुलं वेगळी' असं म्हणून चहा मागवा. आणि हुकमाचा एक्का हातचा राखून ठेवा. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला, 2019 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की स्वतः झटापट करून शिकणाऱ्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटत होतं. घोटीव व्याख्यान ऐकलं, की सगळं समजल्यासारखं वाटतं. तेव्हा शिक्षकांचं मूल्यमापन मुलांच्या अभिप्रायावरच करा, असा आग्रह धरा. 'सर छान समजावून सांगतात' हे वाक्य माझ्या फाइलमध्ये ढिगाने आहे.

हां, त्या ओल्या कपड्याच्या तासाचं एक सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी टोपणांचा मनोरा रचणारा तो पोरगा हजेरीच्या आधीच टेबलापाशी येऊन उभा राहिला. घरी दोन रुमाल भिजवून त्याने एक घडी घालून आणि एक पसरून वाळत टाकला होता. वाळायला लागलेल्या वेळा तळहातावर पेनाने लिहून आणल्या होत्या, घामाने थोड्या फिसकटलेल्या. दोन्ही रुमाल सारखेच पिळले होतेस का, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. पण पुढचा धडा लागायचा होता. हात धुऊन जागेवर बस, म्हटलं.