बॅटरी फ्रीझरमध्ये ठेवण्याआधी चार्जरच्या पिनकडे बघा

‘जुना लॅपटॉप चार्ज होत नाही? म्हणजे बॅटरी गेली!’ अशी सुरुवात असलेला एक मेसेज अधूनमधून फिरत येतो. पुढे घरगुती उपाय: बॅटरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, महिन्यातून एकदा ती पार शून्यावर आणा, पिन बसेल तो कुठलाही चार्जर वापरा, शंभर टक्के झाले की लगेच प्लग काढा नाहीतर ओव्हरचार्ज होईल, आणि एवढं करून जमलं नाही तर बॅटरीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला बॅटरीशी बोलायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, उडवा. यातला एक उपाय निरुपद्रवी आहे, दोन अर्धवट खरे आहेत, आणि उरलेले दोन नुकसान करणारे. पण खरा घोळ पहिल्याच ओळीत आहे.

चार्जर लावल्यावर दिवाच लागत नाही, ही एक तक्रार. दिवा लागतो, लॅपटॉप चालतो, पण टक्के जागचे हलत नाहीत, ही दुसरी. शंभर टक्के दिसतात आणि प्लग काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मशीन बंद पडतं, ही तिसरी. सरळ बॅटरीवर बोट ठेवता येतं ते फक्त तिसऱ्या तक्रारीत. पहिल्या दोन्हींत आधी संशय घ्यावा तो चार्जर, केबल, जॅक (लॅपटॉपवरची चार्जर लावायची जागा) आणि सेटिंग यांच्यावर.

टक्के साठावर किंवा ऐंशीवर अडलेत? मग बहुतेक काहीच बिघडलेलं नाही. लेनोवोचा कॉन्झर्व्हेशन मोड, आसूसचं बॅटरी हेल्थ चार्जिंग या सोयी बॅटरी जास्त टिकावी म्हणून मुद्दाम चार्जिंग थांबवतात. काही कंपन्यांत ही मर्यादा बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनमधल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, असते, त्यामुळे विंडोज नव्याने टाकली तरी ती तशीच राहते. वापरलेला लॅपटॉप घेतला असेल तर आधीच्या मालकाने ती लावून ठेवलेली असू शकते. नवी बॅटरी घातली तरी तीही ऐंशीवरच थांबेल.

आता ‘कुठलाही चार्जर’. या सल्ल्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण तो ऐकून लोक चांगल्या बॅटऱ्या फेकतात. डेल आणि एचपीच्या गोल टोकाच्या अनेक चार्जरांत आत डोकावून बघा. मधोमध सुईसारखी एक बारीक पिन दिसेल. चार्जर आपली ओळख देतो ती तिच्यातून. ही पिन वाकली, तुटली, किंवा टोकाजवळ केबलमधली वायर आतून तुटली, तर मशीनला समोर कोण आहे हे कळत नाही. मग ते सावध पवित्रा घेतं: लॅपटॉप चालू ठेवतं, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरचा वेगही कमी करतं. डेलची मशीन सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही असा इशाराही देतात, जो आपण एंटर दाबून पुढे ढकलतो. लॅपटॉप चालतोय म्हणजे चार्जर ठीक, असं वाटतं आणि बिचारी बॅटरी बदनाम होते.

व्होल्ट आणि अँपिअर चार्जरवर छापलेले असतात, त्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. 19.5 व्होल्ट आणि 3.34 अँपिअर म्हणजे 65 वॉट, 4.62 अँपिअर असेल तर 90. 90 वॉट मागणाऱ्या मशीनला 65 चा लावला तर ते बंद असताना हळूहळू भरेल, काम करताना जेमतेम तगेल. उलट 65 च्या मशीनला त्याच व्होल्टेजचा 90 चा चार्जर, पिन आणि ओळख जुळत असेल तर, चालतो. मशीन हवी तेवढीच वीज ओढतं. व्होल्टेज मात्र जुळलंच पाहिजे, तिथे तडजोड नाही. यूएसबी-सी वर दोन्ही बाजू व्होल्टेज आपसात ठरवतात, पण म्हणून फोनचा छोटा चार्जर लॅपटॉपला पुरेल असं नाही.

जॅकचं निदान सोपं आहे. प्लग हलक्या हाताने हलवला की दिवा लागतो-विझतो, तर आतलं सोल्डर सुटलंय किंवा जॅक सैल झालाय.

शून्यावर आणण्याची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातली. त्यांना ‘मेमरी’चा त्रास होता: पुन्हापुन्हा अर्धवट उतरवून भरल्या की तेवढंच चालायच्या. आजच्या लॅपटॉपमधली लिथियम-आयन बाजारात आली 1991 मध्ये, सोनीने आणली, आणि तिला हा त्रास नाही. वारंवार तळ गाठणं तिला उलट सोसत नाही. अर्धं खरं इतकंच, की टक्के मोजणारं सर्किट काळाने चुकायला लागतं. चाळीसवरून मशीन एकदम बंद पडत असेल, तर एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून, पुन्हा भरलं की आकडा ताळ्यावर येऊ शकतो. त्याने आकडा सुधारतो. गेलेली क्षमता परत येत नाही.

ओव्हरचार्जचंही तसंच. बॅटरीच्या आतल्या प्रत्येक सेलचे साधारण 4.2 व्होल्ट झाले की सर्किट चार्जिंग थांबवतं. रात्री उठून प्लग काढायची गरज नाही. पण महिनोन्‌महिने शंभरावर आणि शिवाय गरम, ही अवस्था सेलना लवकर म्हातारं करते. वर सांगितलेली ऐंशीची मर्यादा त्यासाठीच आहे.

फ्रीझर तर नकोच. थंडीने मेलेला सेल जिवंत होत नाही, बाहेर काढल्यावर सर्किटवर दव जमतं, आणि शून्य अंशाखाली लिथियम-आयन चार्ज केली तर आत धातूचा थर बसून शॉर्टचा धोका वाढतो.

ड्रायव्हर काढून रीस्टार्ट करायला हरकत नाही, विंडोज तो परत टाकते. पण लॅपटॉप बंद ठेवूनही बॅटरी भरत नसेल, तर विंडोजचा दोष शोधण्यात अर्थ नाही. त्याऐवजी मेसेजमध्ये नसलेलं एक करून बघा: मशीन बंद करा, चार्जर काढा, निघत असेल तर बॅटरीही काढा, पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा, मग फक्त चार्जर लावून सुरू करा. चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर अडकला असेल तर कधीकधी याने सुटतो.

बॅटरीबद्दल निकाल द्यायचाच असेल तर तो आकड्यावर द्या. विंडोज 8 पासून पुढे कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘powercfg /batteryreport’ ही कमांड चालवली की एक फाइल तयार होते. त्यात मूळ क्षमता आणि आताची पूर्ण क्षमता शेजारी दिसतात. मूळ 48,000 मिलिवॉट-अवर आणि आताची 15,000 असेल, तर बॅटरी खरंच संपत आलीय, बदला.

आणि टचपॅड वर उचलला गेलाय, खालचं झाकण फुगलंय, असं दिसलं तर यातलं काहीच करू नका. मशीन बंद करा, चार्जर काढा, फुगवटा दाबू किंवा टोचू नका, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.