खुलासा : १० वॅटचे सौर पॅनेल आणि ‘दोन तासांत भरणारी’ बॅटरी

गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या तंबूतील छोट्या सौर पॅनेलची एक चित्रफीत सोलापूर जिल्ह्यात फिरत असून, ‘बर्फात बॅटरी भरते, मग आपल्या कडक उन्हात १० वॅटच्या पॅनेलवर ती दोन तासांत भरेल’ असा मजकूर तिला जोडलेला आहे. हा दावा चुकीचा आहे.

उजनी धरणाच्या काठावर रात्रीच्या दिव्यासाठी चालणारी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे ८४ वॅट-तास (१२ × ७) ऊर्जा साठवते. १० वॅटचे पॅनेल दोन तासांत, सारे काही आदर्श धरले तरी, २० वॅट-तासांहून अधिक देत नाही. रिकामी बॅटरी भरण्यास निरभ्र आकाशाचे दोन ते तीन दिवस लागतात.

मूळ गैरसमज उष्णतेविषयीचा आहे. पॅनेलला प्रकाश हवा असतो, ताप नव्हे. त्याची क्षमता २५ अंश सेल्सिअसला मोजलेली असते आणि त्यापुढे प्रत्येक अंशाला ती साधारण ०.४ टक्क्याने घटते, म्हणजे मे महिन्यात पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापले तर सुमारे १६ टक्के वीज कमीच मिळते. थंडी पॅनेलला मानवते, मात्र लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज केल्यास बिघडते, म्हणून बर्फाच्या प्रदेशात ती उबदार ठेवावी लागते.

कष्टाचे पैसे घालणाऱ्या मच्छीमार बांधवांनी किमान २० वॅटचे पॅनेल आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीत जाणारी वीज आटोक्यात ठेवणारे उपकरण) घ्यावा, तसेच बॅटरी सावलीत ठेवावी.