प्रश्न विचारला म्हणून शिक्षा?

भाचीच्या वहीत पुन्हा लाल शेरा: ‘वर्गात फार प्रश्न विचारते, समज द्यावी.’ अहो, मग शाळेत पाठवायचं कशाला? विचारलं काय तिनं? कमाटीबागेतल्या वडाची पारंबी जमिनीत रुतली की तिला मूळ म्हणायचं की खोड. इतका सुरेख प्रश्न! बाईंनी मुलांना घेऊन एखाद्या वडाखाली तास घ्यायला हवा होता. त्याऐवजी पोरीला बाकावर उभं केलं. आता ती घरीसुद्धा काही विचारत नाही, याचा मला फार राग येतो.

आणि हे कुठे, तर बडोद्यात! सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला. तिकडे भावनगरात बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका १९२० पासून बालमंदिरात गोष्टी-खेळांतून, न मारता न धमकावता शिकवत होते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं तर मारासोबत मानसिक छळालाही बंदी केली. मग चारचौघांत बाकावर उभं करणं हे काय लाड आहेत? साठ-साठ मुलं एका वर्गात कोंबून बाईंनाही पिळून काढतात, हे कळतं मला. पण त्याची किंमत पोरांनी का मोजायची? शेऱ्याखाली सही मी करणार नाही.