वेगळी चूल आणि चर्मपत्र

मोठ्या घरातला धाकटा भाऊ वेगळी चूल मांडायचं म्हणतोय आणि घरातले कर्ते तुम्ही आहात? घाबरू नका. त्याला थोपवायला पोलीस लागत नाहीत, तुरुंग लागत नाही. एक बरंसं वचन लागतं. आणि वचन कसं द्यावं हे शिकायचं, तर ब्रिटनसारखी शाळा नाही. (चूल वेगळी करू पाहणाऱ्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. अभ्यासक्रम एकच आहे.)

आधी वेळ सांभाळा. वचन लवकर दिलं की लोक ते वाचतात, आणि वाचलं की प्रश्न विचारतात. स्कॉटलंडनं स्वतंत्र व्हावं की नाही, याचं मतदान १८ सप्टेंबर २०१४ ला होतं. लंडनची पुढारी मंडळी तोवर निवांत होती. मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका चाचणीत 'होय'वाले पुढे निघाले आणि सगळ्यांना स्कॉटलंडवरचं आपलं प्रेम अचानक आठवलं. मतदानाला दोन दिवस उरले असताना 'डेली रेकॉर्ड' या स्कॉटिश दैनिकाच्या पहिल्या पानावर शपथ झळकली. खाली पंतप्रधान कॅमरन, मिलिबँड आणि क्लेग अशा तीन पक्षांच्या तीन नेत्यांच्या सह्या. स्कॉटिश संसद कायमची राहील, तिला भरघोस अधिकार मिळतील, वगैरे. पण तुम्ही मजकुरात अडकू नका, कागद बघा. जुन्या, पिवळट, कडा विरलेल्या चर्मपत्राचं चित्र! आपल्याकडे शब्द पक्का करायला स्टॅम्पपेपर विकत आणावा लागतो. इथं चर्मपत्र छापून मिळतं, आणि संध्याकाळी रद्दीतही टाकता येतं.

निकाल लागला. ५५ टक्के 'नाही', ४५ टक्के 'होय'. आता दुसरा धडा: आभार मानता मानता विषय बदला. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमरनसाहेब १० डाउनिंग स्ट्रीटच्या दारात आले आणि स्कॉटलंडच्या जोडीला एक नवाच मुद्दा त्यांनी पुढे केला: इंग्लंडपुरत्या कायद्यांवर इंग्लंडच्याच खासदारांचं मत चालावं. धाकट्यानं बांधलेली वळकटी अजून सोडलीही नव्हती, तोवर घरात थोरल्याच्या हक्कांची चर्चा सुरू.

म्हणजे वचन मोडलं का? छे! वचन मोडतं ते कच्च्या माणसाचं. २०१६ चा स्कॉटलंड कायदा रीतसर आला, प्राप्तिकराचे बरेचसे अधिकारही स्कॉटलंडकडे गेले. आणि त्यात एक कलम आलं, ज्यासमोर मी दर वेळी हात जोडतो. स्कॉटिश संसदेच्या अखत्यारीतल्या विषयांवर वेस्टमिन्स्टर, म्हणजे लंडनची संसद, तिच्या संमतीशिवाय 'साधारणपणे' कायदा करणार नाही, असं ते कलम. साधारणपणे! हा शब्द पाठ करा. 'मी साधारणपणे तुझ्या हिश्शाच्या शेतात नांगर घालणार नाही' असं भावाला लिहून द्या आणि निश्चिंत झोपा. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही निर्वाळा दिला की हा राजकीय संकेत आहे, तो पाळायला लावणं कोर्टाचं काम नाही. पुढच्याच वर्षी ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या, कायद्याला स्कॉटिश संसदेनं ९३ विरुद्ध ३० मतांनी संमती नाकारली. कायदा झालाच. स्कॉटलंडमंत्र्यांनी खुलासा केला की सध्याचा काळ सामान्य नाही. घ्या! असामान्य काळ कधी येतो, हे ठरवायचं कुणी, ते मात्र कायद्यात लिहिलेलं नाही. लिहूही नये.

खरी कमाल पुढे आहे. २०१४ मध्ये 'नाही'वाल्यांचा एक हुकमी मुद्दा असा होता की स्वतंत्र झालात तर युरोपीय संघातून बाहेर फेकले जाल; युरोपात राहायचं तर आमच्याबरोबर राहा. बिचारे राहिले. दोन वर्षांनी, २३ जून २०१६ च्या ब्रेक्झिटवरच्या मतदानात, स्कॉटलंडच्या ६२ टक्के मतदारांनी, बत्तीसच्या बत्तीस विभागांत, युरोपात राहायचं म्हटलं. आणि घर सोडायला नको म्हणून थांबलेल्याला घरासकटच बाहेर काढलं गेलं. तिथल्या बटाट्याच्या बेण्याला युरोपात मोठं गिऱ्हाईक होतं; १ जानेवारी २०२१ पासून ते दार बंद. त्याच महिन्यात कागदपत्रांच्या घोळात स्कॉटलंडचे मासे सडू लागले. संसदेत विषय निघाला तेव्हा सभागृहनेते जेकब रीस-मॉग म्हणाले की मासे आता ब्रिटिश झाले आहेत, त्यामुळे ते अधिक सुखी आहेत. असं उत्तर सुचायला पिढीजात संस्कार लागतात, सरावानं ते जमत नाही.

ही विद्या जुनीही आहे. १९७९ मध्ये स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी का, यावर मतदान होतं. माजी पंतप्रधान लॉर्ड होम यांनी तेव्हा सांगितलं होतं: या विधानसभेला 'नाही' म्हणा, म्हणजे याहून चांगली योजना मिळेल. तरी ५१.६ टक्के 'होय' म्हणाले. पण एकूण मतदारांपैकी निदान ४० टक्क्यांनी 'होय' म्हणावं, अशी अट आधीच घालून ठेवलेली, त्यामुळे घरी बसलेला माणूसही विरोधात मोजला गेला. त्याच वर्षी होमसाहेबांच्याच पक्षाच्या थॅचरबाई सत्तेवर आल्या, कायदा रद्द झाला, आणि ती चांगली योजना पुढची अठरा वर्षं येतच राहिली.

आता वेगळे निघणाऱ्यांकडे वळू, नाहीतर त्यांना वाटेल आपल्याला कमी लेखलं. त्यांची श्वेतपत्रिका ६७० पानांची. स्वातंत्र्यदिनाची तारीखही ठरली होती: २४ मार्च २०१६. हिशेब मांडला होता उत्तर समुद्रातलं तेल पिंपाला ११० डॉलर धरून. जानेवारी २०१६ मध्ये तेल तिशीच्या खाली उतरलं. ही संधी पिढीतून एकदाच, असंही बजावलं होतं. मार्च २०१७ मध्ये दुसऱ्या मतदानाची मागणी आली. अडीच वर्षांत पिढी! आणि नियमही कसे, तर २०१४ च्या मतदानात एडिंबरात राहणारा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला राष्ट्रकुलाच्या नात्यानं मत देऊ शकत होता, लंडनला नोकरीसाठी गेलेला ग्लासगोकर मात्र नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं सांगितलं की असं मतदान घेण्याचा अधिकार स्कॉटिश संसदेला नाही. आठवतंय ना, कायमची संसद, भरघोस अधिकार?

या धंद्यात पोटापाण्याचं काय, अशी शंका असेल तर मनातून काढून टाका. चर्मपत्र छापलं तेव्हा 'डेली रेकॉर्ड'चे संपादक होते मरे फूट. २०१८ मध्ये त्यांनी स्वातंत्र्याला पाठिंबा जाहीर केला, २०१९ मध्ये ते स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचे माध्यमप्रमुख झाले. पुढे सभासद घटल्याची बातमी त्यांनी पक्षाच्या माहितीवर विसंबून धुडकावून लावली. बातमी खरी निघाली आणि मार्च २०२३ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. ऑगस्टमध्ये ते त्याच पक्षाचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले.