मुद्दल मिळतंय ना, मग सही करून टाका?

आठ दिवस झाले, आईचे अडकलेले पैसे परत मिळण्यासाठी सही करायच्या एका कागदावरून आमच्या घरात खल चाललाय.

आई जिल्हा परिषदेच्या शाळेतली निवृत्त शिक्षिका, राहते कराडला. तीन वर्षांपूर्वी एफडीची मुदत संपली म्हणून बँकेत गेली. "मॅडम, यात एफडीपेक्षा जास्त मिळतं," म्हणत तिथल्या पोराने चहा मागवला आणि चौदा ठिकाणी सह्या घेतल्या. बँकेत चहा मिळाला तेव्हाच मला कळायला हवं होतं, असं आता तीच म्हणते.

निघाली विमा पॉलिसी. दरवर्षी 2 लाख, दहा वर्षं. फॉर्म इंग्रजीत, सही मराठीत. व्यवसायाच्या रकान्यात शेती, वार्षिक उत्पन्न 14 लाख! आमची शेती म्हणजे गच्चीवरची कढीपत्त्याची कुंडी. पॉलिसीचं पाकीट आलं ते न फोडताच कपाटात साड्यांखाली गेलं. कागदावरची पॉलिसी परत करायला तेव्हा 15 दिवस मिळायचे, 2024 पासून 30 झालेत. पण एफडीची पावती समजून ठेवलेलं पाकीट फोडतंय कोण? दुसरा हप्ता खात्यातून परस्पर गेला. तिसऱ्याचा मेसेज आला तेव्हा कुठे तिने मला फोन केला.

हप्ता थांबवला, विमा कंपनीकडे लेखी तक्रार केली, त्या फॉर्मची प्रत मागवली. शेतीचा रकाना दाखवल्यावर त्यांचा सूर एकदम मऊ झाला. आता म्हणतात, चारही लाख परत देतो. व्याज नाही. आणि एका पत्रावर सही हवी: तक्रार मागे घेते, यापुढे कुठलाही दावा करणार नाही, आणि "योजनेची संपूर्ण माहिती मला विक्रीच्या वेळी समजावून सांगण्यात आली होती."

नातेवाईक म्हणतात, मुद्दल सुटतंय ना, घ्या आणि मोकळे व्हा. त्यांचं अगदीच चूक नाही. घरात आजारपण असेल, पैसा आजच हवा असेल, तर मीही म्हणेन घ्या. मानी माणसाने उपाशी राहून लढावं असं मला मुळीच वाटत नाही.

पण आईला घाई नाही. आणि हिशेब तर करू या. 7 टक्क्यांच्या एफडीत पहिल्या 2 लाखांवर तीन वर्षांत साधारण 45 हजार व्याज झालं असतं, दुसऱ्या 2 लाखांवर दोन वर्षांत 29 हजार. म्हणजे 74 हजार सोडून द्यायचे आणि वर "उपकार झाले" म्हणायचं. ब्रिटनमध्ये कर्जाबरोबर गळ्यात मारलेल्या विम्याचं प्रकरण निघालं, तेव्हा परताव्यात हप्त्यांवर वर्षाला 8 टक्के सरळ व्याजही धरलं जायचं. आपल्याकडे व्याज मागितलं की मॅनेजर असं बघतो, जणू आपण त्याच्या खिशातले मागतोय.

नाही पटलं तर पुण्याला विमा लोकपाल आहे. तिथे फी नाही, वकील नाही. कंपनीने तक्रार फेटाळली, दिलेलं उत्तर पटलं नाही किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर जाता येतं. फक्त त्यानंतर वर्षाच्या आत जायचं. निकाल विमा कंपनीवर बंधनकारक असतो. मात्र असलं पत्र आधीच सही करून दिलं, की तिथे आपल्याविरुद्ध पहिला पुरावा आपणच दिलेला असतो. म्हणून रकमेपेक्षा मला ते शेवटचं वाक्य जास्त खुपतं. पैसे परत देताय आणि वर आम्हाला सगळं समजलं होतं असंही लिहून घेताय? समजलं होतं तर परत कशाबद्दल देताय?

मी हे सगळं तावातावाने आईला सांगत होतो. तिने चष्मा लावला, पत्र एकदा वाचलं आणि पेनांच्या डब्यातून लाल पेन काढलं. त्या वाक्यावर सरळ काट मारली, समासात लिहिलं, "असत्य. व्याजासह पुन्हा लिहून आणावे."

सोमवारी तेच पत्र घेऊन आम्ही दोघं शाखेत जाणार आहोत. चहा घ्यायचा नाही, एवढं तिने आधीच बजावलंय.