सेवा तासिकेतच हवी

मुलांच्या समाजसेवेला अभ्यासक्रमात जागा द्या, हे लेखातलं म्हणणं मनापासून पटलं. पण वर्षातून एकदा हातात झाडू देऊन फोटो काढणं म्हणजे ते नव्हे. हाताच्या कामातून शिक्षण हा विचार गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत मांडला होता. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीसाठी १० दिवस दप्तराविना सुचवलेत.

आपल्या गोव्यात तर विषय दाराशीच आहे. मुलांना खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतीचा बांध आणि मानस, म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडणारं दार दाखवा. भरती-ओहोटी, पाण्याचा खारेपणा, दाब, अर्धं विज्ञान तिथंच समजेल. बांध कुठे झिजलाय याची नोंद मुलांनी ठेवावी आणि ग्रामसभेत त्यांनीच मांडावी. गुण मात्र कृपया देऊ नका, नाहीतर प्रकल्प पालकच करतील.