वाशीला कुलूप

सोसायटीच्या ग्रुपवर परवा एका शाळूसोबत्यानं लिहिलं, ‘वाशीचं घोडबंदर करू नका.’ खाली पटापट अंगठे. विषय आमच्या बिल्डिंगच्या पुनर्विकासाचा. चार मजल्यांच्या जागी टॉवर, खाली पार्किंगचं पोडियम. त्याचं म्हणणं, गाड्या रस्त्यावर येतील, गटारं तुंबतील आणि मोरबे धरणाचं पाणी किती जणांत वाटणार? इकडे ऑकलंडला रात्रीचा एक वाजला होता. हीट पंप घरघरत होता, आणि मी उत्तर लिहून खोडत होतो.

घोडबंदर हा शब्द शिवीसारखा वापरला की माझं डोकं फिरतं. माझी मावशी तिथेच, ठाण्याच्या घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहते. बिल्डिंगला टँकर येतो, माजिवड्याला रोज खोळंबा होतो, मेट्रोचे खांब बघता बघता तिची साठी उलटली. हौसेनं गेली होती का ती तिकडे? वाशीत परवडेना म्हणून गेली. नोकरी मात्र वाशीतच, म्हणजे ठाणे स्टेशनपर्यंत बस, पुढे ट्रान्सहार्बरची लोकल. आपण वाशीत घरं होऊ दिली नाहीत म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. ती उलव्याला, तळोज्याला, घोडबंदरला जाऊन राहतात आणि सकाळी आपल्याच स्टेशनवर उतरतात. पाण्याचा मुद्दा खरा आहे, पण घोडबंदरला तरी कुठलं धरण उशाला आहे?

मग त्यानं बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजचे फोटो टाकले. वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी बुटक्या घरांतही दाट वस्ती बसवून दाखवली, मग टॉवर कशाला? कोरियांबद्दल मला आदरच आहे. खाडीपलीकडे नवं शहर वसवा, असं 1965 साली प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेलांबरोबर मांडणारे तेच. पण त्या वसाहतीत आज एक चक्कर मारा. मूळ घरं पाडून लोकांनी भलीमोठी बांधलीत. गरज वाढेल तसं घर वाढावं ही तर त्यांचीच कल्पना होती. आपण मात्र 1980 च्या सुमाराची वाशी बरणीत घालून ठेवायला निघालोय.

आणि ही वाशी तरी कुणाची? 1970 साली नवी मुंबई वसवायला सिडको ही सरकारी कंपनी आली आणि 95 गावांची जमीन शहरासाठी घ्यायचं ठरलं. भातशेती गेली, मिठागरं गेली. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच माणसं गेली, तेव्हा कुठे पुढे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना पदरात पडली. ‘बाहेरची गर्दी नको’ असं आपण लिहितो, तेव्हा वाशीतल्याच जुन्या जुहूगावातल्या माणसाला काय वाटत असेल? त्याच्या लेखी गर्दी आपणच.

एवढं लिहिल्यावर मी ऑकलंडचं तुणतुणं लावलं. 2016 च्या युनिटरी प्लॅननं, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यानं, इथल्या सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर जास्त घरांना वाट मोकळी केली, बंगल्यांच्या रांगेत टाउनहाउस उभी राहिली, शेजाऱ्याला कुणी विचारत बसत नाही, वगैरे.

एक गोष्ट गाळली. आमच्या शेजारचा जुना बंगला पाडून सहा टाउनहाउस होणार हे कळलं, तेव्हा कौन्सिलला दोन पानी पत्र मीच लिहिलं होतं. ‘परिसराचं स्वरूप’ हा शब्दप्रयोग त्यात चार वेळा होता. खरी तक्रार लिंबाच्या झाडाची होती. मे ते ऑगस्ट त्याला दुपारचं ऊन मिळेना. नियमात बसतंय, असं दोन ओळींचं उत्तर आलं. आता रविवारी कुंपणापलीकडून कढीपत्त्याच्या फोडणीचा वास येतो. तेलुगू जोडपं आहे. ओळख झाली तीही लिंबं देता-घेताना.

ग्रुपवर मित्राचं उत्तर आलं ते एवढंच: ‘तुझ्या फ्लॅटला सात वर्षं कुलूप आहे. एक घर तर तूच अडवून बसलायस.’

यावर काय लिहिणार? आई गेल्यापासून भाड्यानं दिलं नाही. मेंटेनन्स मात्र तारखेला भरतो. लोक विचारतात, तेव्हा भाडेकरू नंतर निघत नाहीत, असं सांगतो. खरं म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे आम्हा भावंडांच्या उंचीच्या पेन्सिलीनं मारलेल्या रेघा आहेत, त्यावर कुणी रंग मारेल याची भीती वाटते. वरच्या काकू महिन्यातून एकदा खिडक्या उघडतात. मागच्या पावसात त्यांनी फोटो पाठवला, छताचं प्लास्टर आईच्या पलंगावर पडलं होतं. सळ्या दिसत होत्या.

पुनर्विकासाचं संमतिपत्र एप्रिलपासून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय. सही करून शिक्का घेऊन पाठवायचं, अर्ध्या दिवसाचं काम.

सकाळी काकूंचा मेसेज होता. ‘अरे, कुलूप गंजलंय, तेल घातलं तरी फिरत नाही. नवीन लावू का? तसंही पाडायचंच म्हणतायत.’

‘लावा काकू,’ मी लिहिलं. ‘एक किल्ली माझ्यासाठी ठेवा.’